पिस्तुलाची नळी की क्रूसाचा पायथा? डेकॅडंट लेखकांच्या धर्मांतराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही धरमपेठेतील काही जण दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर चर्चा करतो. गेल्या बैठकीत ऑस्कर वाइल्ड यांची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही कादंबरी होती. एका सदस्याने सांगितले की मृत्यूच्या आदल्या दिवशी वाइल्ड कॅथलिक झाले आणि व्हर्लेन, ह्यूस्मान्स, बिअर्डस्ली, डाउसन अशी त्या काळातील कितीतरी मंडळी त्याच वाटेने गेली. ज्यांनी आयुष्यभर पापाचे कौतुक केले त्यांनी अखेरीस चर्चचा आसरा घ्यावा, याला मरणाची भीती म्हणावे, त्या काळची टूम म्हणावे की खरी श्रद्धा?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण सुचवलेल्या तिन्ही कारणांना एखाददुसरे उदाहरण सापडेल, परंतु त्या साऱ्या मंडळींना लागू पडेल असे त्यांतले एकही नाही. माझे मत असे की आपल्याला जो उलटा प्रवास वाटतो तो या लेखकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत सरळच होता. पापाचे कौतुक करायचे तर आधी पाप नावाची काही वस्तू जगात आहे हे मानावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील पुढारलेले विचारवंत हे मानायला तयार नव्हते. दुर्गुण आणि सद्गुण ही गंधकाम्ल आणि साखर यांच्यासारखीच उत्पादने आहेत, असे इपोलित तेन यांनी लिहिले होते आणि एमिल झोला यांनी ते वाक्य आपल्या एका कादंबरीच्या आरंभी छापले होते. माणूस म्हणजे आनुवंशिकता आणि परिस्थिती यांचा हिशेब, असे मानणाऱ्या या निसर्गवादी साहित्याला कंटाळलेले लेखक पुढे डेकॅडंट, म्हणजे ऱ्हासवादी, या नावाने ओळखले गेले. फ्रेंच कवी बोदलेर यांना त्यांनी आपला पूर्वज मानले, आणि १८५७ साली खटला होऊन ज्यांच्या संग्रहातील ६ कविता न्यायालयाने वगळायला लावल्या त्या बोदलेरांची सारी कविता मूळ पापाच्या, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असतो या ख्रिस्ती कल्पनेवर उभी आहे. निषिद्ध फळ खाताना ते निषिद्ध आहे याची ज्याला क्षणभरही विस्मृती होत नाही, तो देवळाच्या बाहेर असला तरी फार लांब गेलेला नसतो.

हे सर्वांत आधी ओळखले फ्रेंच लेखक बार्बे दोरव्हिली यांनी. ते स्वतः कट्टर कॅथलिक होते आणि तरीही त्यांचा ‘ले दियाबोलिक’ हा कथासंग्रह १८७४ साली अश्लीलतेच्या आरोपावरून जप्त झाला होता, त्यामुळे या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १८८४ साली जोरिस-कार्ल ह्यूस्मान्स यांची ‘आ रबूर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक दे-झेसँत हा जगाला विटलेला सरदारपुत्र पॅरिसबाहेर घर घेऊन अत्तरे, रत्ने, दुर्मीळ लॅटिन पुस्तके आणि कृत्रिम दिसणारी खरी फुले यांच्या संगतीत एकटा राहतो व शेवटी आजारी पडून डॉक्टरांच्या आज्ञेने पॅरिसला परततो. आपल्या बैठकीतील कादंबरीत डोरियनला बिघडवणारे जे पिवळे पुस्तक येते, ते मुख्यत्वे हेच. तिचे परीक्षण करताना दोरव्हिली यांनी लिहिले की असे पुस्तक लिहिल्यानंतर लेखकापुढे पिस्तुलाची नळी किंवा क्रूसाचा पायथा एवढेच दोन पर्याय उरतात. वीस वर्षांनी त्याच कादंबरीला नवी प्रस्तावना लिहिताना ह्यूस्मान्स यांनी हे वाक्य उद्धृत केले आणि आपली निवड झाली आहे, एवढेच त्याखाली नोंदवले. ‘आ रबूर’चे शेवटचे पान अनेक वाचक घाईने उलटतात. तिथे दे-झेसँत शंका घेणाऱ्या ख्रिस्ती माणसावर, विश्वास ठेवू इच्छिणाऱ्या नास्तिकावर दया कर, अशी देवाची करुणा भाकतो. धर्मांतराला तेव्हा अजून आठ वर्षे अवकाश होता.

ह्यूस्मान्स यांच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण या पिढीत आपल्या धर्मांतराचा इतका बारीक जमाखर्च दुसऱ्या कोणी ठेवलेला नाही. हा गृहस्थ फ्रान्सच्या अंतर्गत व्यवहार मंत्रालयात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करणारा कारकून होता. साहित्यात त्याचा आरंभ झोलांच्या कंपूतून झाला. १८९१ साली आलेल्या ‘ला-बा’ या कादंबरीत त्याने पॅरिसमधील सैतानपूजेचे चित्रण केले. त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराच्या क्रूसावरील ख्रिस्ताचे वर्णन आहे. ते चित्र ह्यूस्मान्स यांनी १८८८ साली कासेल येथे पाहिले होते. त्यातील ख्रिस्त सुंदर नाही. त्याचे अंग जखमांनी सडलेले आहे, बोटे वाकडी झालेली आहेत, आणि झोलांच्या शिष्याला परिचित असलेला देहाचा सारा ओंगळपणा त्यात आहे. तरीही ते चित्र देहापाशी संपत नाही. निसर्गवादाचे डोळे न सोडता आत्म्याकडे जाता येते, हे या लेखकाला प्रवचनातून नव्हे तर या चित्रातून उमगले. ‘ला-बा’ आल्यानंतर पुढच्याच वर्षी, जुलै १८९२ मध्ये, तो इन्यी येथील ट्रॅपिस्ट या कडक व्रतस्थ कॅथलिक साधूंच्या मठात जाऊन राहिला, तेथे त्याने पापनिवेदन केले आणि १८९५ मध्ये ‘आँ रूत’ या कादंबरीत तो सगळा अनुभव मांडला. तिचा नायक द्युर्ताल आपल्या श्रद्धेची कारणे शोधताना तीन गोष्टी सांगतो : जुन्या धार्मिक घराण्याचे रक्त, जगण्याचा वीट आणि कलेचे वेड. पॅरिसच्या चर्चमध्ये फिरून ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चमधील जुने लॅटिन स्तोत्रगायन, ऐकणाऱ्या या माणसाला वाईट गायलेले स्तोत्र ऐकले की श्रद्धेवरच घाला पडल्यासारखे वाटते. (नागपूरच्या सदरमधील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रलमध्ये आज गेलात तर उपासना लोकांच्या भाषेत ऐकू येईल. द्युर्तालने ऐकलेली लॅटिन उपासना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, जगभर मागे पडली. त्याला ते सोसले असते असे वाटत नाही.)

कलेच्या वेडातून आलेली श्रद्धा कितपत खरी, अशी शंका त्या काळच्या काही धर्मगुरूंनाही आली होती. त्यांनी ह्यूस्मान्स यांच्या धार्मिक कादंबऱ्यांकडे संशयानेच पाहिले. मात्र पुढील वर्षे या शंकेच्या बाजूने साक्ष देत नाहीत. निवृत्तीनंतर ते लिग्यूझे येथील बेनेडिक्टाइन मठाजवळ घर बांधून राहिले व तेथे ओब्लेट झाले, म्हणजे गृहस्थ राहूनच मठाच्या नियमांना त्यांनी स्वतःला बांधून घेतले. १९०१ च्या कायद्यामुळे तेथील साधूंना देश सोडावा लागला तेव्हा तेही पॅरिसला परतले. त्यांना तोंडाचा कर्करोग झाला, पुष्कळ यातना झाल्या, आणि १२ मे १९०७ रोजी ते वारले. त्यांना मठाच्या वेषात पुरण्यात आले.

आता भीतीविषयी. मरणाच्या भीतीचे स्पष्टीकरण वयाकडे पाहिले तरी कोलमडते. ह्यूस्मान्स इन्यीला गेले तेव्हा ४४ वर्षांचे होते आणि त्यानंतर जवळजवळ १५ वर्षे जगले. लंडनच्या कवींपैकी लायनेल जॉन्सन आणि अर्नेस्ट डाउसन हे दोघेही १८९१ साली कॅथलिक झाले, दोघांचेही वय तेव्हा २४ होते. पॉल व्हर्लेन तिशीत होते. त्यांनी १० जुलै १८७३ रोजी ब्रसेल्समध्ये मित्र आर्थर रँबो याच्यावर गोळी झाडली, ती त्याच्या मनगटाला लागली, आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. माँसच्या तुरुंगात असताना १८७४ मध्ये पत्नीने कायद्याने विभक्त होण्याचा निकाल मिळवल्याची बातमी आली. त्या दिवशी व्हर्लेन यांनी तुरुंगाच्या धर्मगुरूला बोलावून घेतले. तेथे लिहिलेल्या कवितांचा पुढे ‘साजेस’ हा संग्रह झाला. तुरुंगातून सुटल्यावर काही वर्षे ते सरळ वागले, मग पुन्हा दारू, पुन्हा मारामाऱ्या, पुन्हा रुग्णालये असे चालू झाले. परंतु त्यांनी श्रद्धा सोडली असेही म्हणता येत नाही. १८८९ च्या संग्रहाला त्यांनी ‘समांतर’ या अर्थाचे नाव दिले, कारण भक्ती आणि भोग हे दोन्ही आपल्यात शेजारी शेजारी चालतात, असेच त्यांचे म्हणणे होते. आपल्याला हा ढोंगीपणा वाटेल. मला त्यात ढोंग दिसत नाही, कारण ढोंगी माणूस दोहोंपैकी एक लपवतो आणि व्हर्लेन यांनी दोन्ही छापले.

मरणाच्या छायेतील धर्मांतराची ठळक उदाहरणे दोन. चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली क्षयाने आजारी असताना ३१ मार्च १८९७ रोजी कॅथलिक झाले आणि १६ मार्च १८९८ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, फ्रान्समधील माँतों येथे वारले. दुसरे उदाहरण अर्थातच वाइल्ड यांचे, आणि तेही भासते तितके ऐनवेळचे नाही. ऑक्सफर्डमध्ये शिकत असतानाच त्यांना रोमचे वेड होते. १८७७ साली त्यांनी रोमला जाऊन पोप नववे पायस यांची भेट घेतली होती. १८९७ मध्ये, समलिंगी संबंधांबद्दल झालेली शिक्षा भोगून तुरुंगातून सुटल्याच्या दिवशी त्यांनी लंडनच्या जेझुइट मंडळींकडे सहा महिने एकांतवासात राहू देण्याची विनंती पाठवली. ती नाकारली गेली तेव्हा ते रडले. १९०० च्या ईस्टरला ते रोममध्ये होते आणि पोप तेरावे लिओ यांचा आशीर्वाद घ्यायला पुनःपुन्हा जात होते. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे की तुरुंगात लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात धर्माची आपल्याला मदत होत नाही असे त्यांनीच स्वच्छ लिहिले आहे, आणि ज्यांना विश्वास ठेवता येत नाही अशांसाठी एखादा पंथ काढावासा वाटतो असेही. २९ नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसच्या हॉटेल दाल्झासमध्ये त्यांचे मित्र रॉबर्ट रॉस यांनी फादर कथबर्ट डन यांना आणले तेव्हा वाइल्ड यांना बोलता येत नव्हते. धर्मगुरूंनी सशर्त बाप्तिस्मा दिला, म्हणजे पूर्वी कधी झालेला नसल्यास हा धरावा अशा अटीवर, आणि मरणासन्नाला तेल लावण्याचा विधी केला. दुसऱ्या दिवशी ते वारले.

हा तेलाचा विधी डेकॅडंट मंडळींना इतका का भावला हे पाहिले की सारे प्रकरण बरेचसे उलगडते. धर्मगुरू मरणाऱ्याचे डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना क्रमाने तेल लावतो आणि त्या त्या इंद्रियाकडून घडलेल्या पापाची क्षमा मागतो. डाउसन यांनी या विधीवर एक कविता लिहून ती लायनेल जॉन्सन यांना अर्पण केली. ज्या कवींनी सारे आयुष्य इंद्रियांची संवेदना अधिकाधिक तीक्ष्ण करण्यात घालवले, त्यांच्यासमोर एक धर्म असा उभा होता जो इंद्रियांना नाकारत नव्हता, तर एकेकाला नावाने हाक मारून क्षमा करत होता. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट मध्यमवर्गात पाप म्हणजे प्रामुख्याने अब्रूचा प्रश्न होता. १८९५ च्या खटल्यात वाइल्ड यांनी त्या अब्रूचा न्याय पाहिला. कॅथलिक चर्चमध्ये पाप ही कबूल करायची, प्रायश्चित्त घ्यायची आणि मागे टाकायची गोष्ट होती. शिवाय १८२९ पर्यंत ज्यांना पार्लमेंटचे दार बंद होते त्या कॅथलिकांकडे इंग्लंड अजूनही परकेपणाने पाहत असे, आणि बंडखोर कवींना त्या परकेपणाचेही आकर्षण होते. हा मुद्दा फ्रान्सला लागू पडत नाही. तेथे व्हर्लेन किंवा ह्यूस्मान्स लहानपणच्या धर्माकडे परत आले, तर लंडनचे कवी एका चर्चमधून दुसऱ्यात गेले. आपल्या सदस्याने दोन्ही एकाच यादीत घातले असले तरी हा फरक लहान नाही.

टुमेचा अंश लंडनमध्ये होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. लायनेल जॉन्सन हे, प्रॉटेस्टंट चर्च सोडून कॅथलिक झालेले विख्यात इंग्रज धर्मगुरू कार्डिनल न्यूमन यांच्याशी झालेली आपली संभाषणे मोठ्या रंगतीने सांगत, आणि ती त्यांनी मनातच रचलेली होती असे त्यांचे मित्र, आयरिश कवी येट्स यांनी नंतर लिहून ठेवले. याच येट्स यांनी १९३६ साली मिस्किलपणे म्हटले की १९०० साली सगळे जण आपल्या उंच काठ्यांवरून खाली उतरले, त्यानंतर कोणी कॉफीबरोबर अ‍ॅबसिंथ ही कडक दारू प्यायले नाही, कोणी वेडे झाले नाही, कोणी आत्महत्या केली नाही, कोणी कॅथलिक चर्चमध्ये गेले नाही, आणि गेले असल्यास आपण विसरलो. वाक्य गमतीचे आहे, पण ते खरे मानून मोकळे होता येत नाही. ज्याच्यावरून डोरियनला आडनाव मिळाले असे त्या काळी बोलले जाई त्या जॉन ग्रे याचेच पाहा. हा सुतारकाम करणाऱ्याचा मुलगा, देखणा, ‘सिल्व्हरपॉइंट्स’ (१८९३) या नखरेल संग्रहाचा कवी. १८९८ मध्ये तो रोमला धर्मशिक्षण घ्यायला गेला, १९०१ मध्ये धर्मगुरू झाला, एडिंबरातील काउगेट या गरीब वस्तीत त्याने सेवा केली आणि १९३४ साली मरेपर्यंत त्याच शहरात राहिला. टूम तेहेतीस वर्षे टिकत नाही.

हेही सांगितले पाहिजे की सगळे गेले नाहीत. या चळवळीवर १८९३ मध्ये इंग्रजीतला गाजलेला लेख लिहून तिला नवा, सुंदर आणि कुतूहलजनक रोग म्हणणारे आर्थर सायमन्स गेले नाहीत. फ्रेंच कवी मालार्मे गेले नाहीत, इंग्रज कवी स्विन्बर्न तर कधीच जाणार नव्हते. तेव्हा डेकॅडन्सचा शेवट चर्चमध्येच होतो असा नियम करू नये.

प्रश्न : नागपुरात धर्मांतर म्हटले की दीक्षाभूमी डोळ्यांसमोर येते. लाखो लोकांनी माणूस म्हणून जगण्यासाठी उचललेले ते पाऊल आणि धूप, मेणबत्त्या, गायन यांच्या ओढीने चर्चमध्ये गेलेल्या सुखवस्तू कवींचा निर्णय यांना एका पंक्तीत बसवणे योग्य आहे का?
— एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : बसवू नये, आणि आपण हा प्रश्न विचारला हे बरे झाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केल्यापासून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेईपर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २१ वर्षे निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला. धर्म बुद्धीला पटला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना मान्यता दिली पाहिजे, दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, अशा त्यांच्या कसोट्या होत्या. ह्यूस्मान्स यांची कसोटी जवळजवळ उलट आहे. ते चर्चकडे वळले ते बुद्धिवादाचा कंटाळा आल्यामुळे, आणि यातनांना अर्थ असतो ही चर्चची शिकवण त्यांना विशेष प्रिय होती; १९०१ साली त्यांनी आयुष्यभर अंथरुणाला खिळलेल्या एका डच संत स्त्रीचे चरित्र लिहिले ते याच ओढीने. सामाजिक समतेचा विचार त्यांच्या धार्मिक कादंबऱ्यांत शोधू गेल्यास हाती फार काही लागणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेणारा माणूस एका समाजाचा भाग म्हणून उभा राहतो, तर द्युर्ताल चर्चच्या कोपऱ्यात एकटा बसतो आणि शेजारच्या भाविकांची त्याला बहुधा शिसारीच येते. ही त्याची उणीव आहे, आणि ह्यूस्मान्स यांनी ती लपवलेली नाही.

मात्र एकट्याने केलेले धर्मांतर म्हणजे सुखवस्तू माणसाचा शौक, असाही निष्कर्ष काढू नये. आपल्याच शहराशी संबंध असलेले एक उदाहरण घ्या. ‘आँ रूत’ ज्या १८९५ साली प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १० फेब्रुवारी रोजी, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी ते नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काम करत होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. टिळकांना धूप किंवा लॅटिन गायन यांनी ओढले नाही. त्यांना ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने ओढले. ते गेले तेही प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, आणि जाताना अभंग आणि कीर्तन बरोबर घेऊन गेले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत. किंमतीचा विचार केला तर वाइल्ड किंवा डाउसन यांना चर्चमध्ये गेल्याबद्दल कोणी वाळीत टाकले नाही. टिळकांचे घर मोडले, लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. याच काळात पॅरिस व लंडनमध्ये जे चालले होते त्याच्याशी ताडून पाहिले तर डेकॅडंट कवींच्या धर्मांतरात पणाला लागलेले पुष्कळसे मनाच्या आत होते, बाहेर फारसे नव्हते, एवढे कबूल करावे लागते. ग्रे याचा अपवाद येथेही करावा लागेल, कारण त्याने आपले कवीपणच पणाला लावले.

प्रश्न : धर्मांतरानंतर या लेखकांचे लेखन बिघडले असे आमच्या प्राध्यापकांचे मत आहे. आपले काय मत आहे?
— एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या प्राध्यापकांशी मी अर्धा सहमत आहे. व्हर्लेन यांच्या बाबतीत ते मत चुकीचे आहे, कारण ‘साजेस’मधील तुरुंगाच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाची छोटी कविता फ्रेंचमधील उत्तम कवितांत गणली जाते, ‘तू आपल्या तारुण्याचे काय केलेस’ हा तिच्या शेवटचा प्रश्न कोणत्याही धर्माच्या वाचकाला झोंबतो. त्यांची नंतरची भक्तिगीते मात्र पुष्कळदा सपाट आहेत, पण त्यांची नंतरची शृंगारगीतेही तितकीच सपाट आहेत, तेव्हा दोष धर्माला देण्यापेक्षा अ‍ॅबसिंथला द्यावा. ह्यूस्मान्स यांची ‘ला कातेद्राल’ (१८९८) ही शार्त्रच्या कॅथीड्रलवरील कादंबरी त्यांच्या हयातीत चांगली खपली, परंतु तिच्यात दगड, काचा, रंग आणि प्राणी यांच्या प्रतीकांची माहिती इतकी आहे की कथानक तिच्याखाली दबून जाते. गंमत अशी की ‘आ रबूर’मध्येही तेच आहे. तेथे रत्ने आणि लॅटिन कवी यांच्या याद्या आहेत, येथे संत आणि शिल्पे यांच्या. लेखकाचा संग्राहकाचा स्वभाव बाप्तिस्म्याने जात नाही.

जॉन ग्रे यांची गोष्ट वेगळी. त्यांनी धर्मगुरू झाल्यावर ‘सिल्व्हरपॉइंट्स’च्या मिळतील त्या प्रती विकत घेऊन त्या लोकांच्या हाती पडू नयेत अशी व्यवस्था केली, आणि दीर्घकाळ फार थोडे लिहिले. बिअर्डस्ली यांनी ७ मार्च १८९८ रोजी प्रकाशक लेनर्ड स्मिदर्स यांना पत्र लिहून ‘लिसिस्ट्राटा’ या प्राचीन ग्रीक प्रहसनासाठी काढलेली आणि इतर सर्व अश्लील चित्रे नष्ट करण्याची विनवणी केली, आणि पत्राच्या शेवटी आपण मृत्यूच्या यातनांत असल्याचे लिहिले. स्मिदर्स यांनी चित्रे नष्ट केली नाहीत. आज आपण ती संग्रहालयांत पाहतो ती मरणाऱ्या माणसाची इच्छा मोडून, आणि ती मोडली गेली याबद्दल मला प्रामाणिकपणे खेद वाटत नाही. आपल्या प्राध्यापकांपुढे मी हे दोन दाखले ठेवीन, कारण लेखन बिघडणे वेगळे आणि लेखकाने ते मागे घ्यावेसे वाटणे वेगळे. डेकॅडंट मंडळींत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक घडली.

प्रश्न : आपल्या सदरातील चर्चेत एकही स्त्री नाही. या चळवळीत स्त्रिया नव्हत्या काय?
— एक वाचक, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : होत्या, आणि त्यांतल्या दोघींचे उदाहरण साऱ्या पुरुषांहून विलक्षण आहे. कॅथरीन ब्रॅडली (१८४६–१९१४) आणि एडिथ कूपर (१८६२–१९१३) या मावशी-भाची मायकेल फील्ड या एकाच पुरुषी नावाने कविता आणि नाटके लिहीत, आयुष्यभर एकत्र राहत, आणि ग्रीक देवतांविषयीचे आपले प्रेम लपवत नसत. १९०६ साली त्यांचा व्हिम चाउ हा लाडका कुत्रा मेला. त्या दुःखातून दोघींना बलिदान आणि पुनर्मीलन यांचा अर्थ नव्याने जाणवला, आणि पुढच्याच वर्षी दोघी कॅथलिक झाल्या. कुत्र्याच्या मृत्यूमुळे धर्मांतर, हे ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे, पण त्यांच्या रोजनिशीतील आणि कवितांमधील शोक वाचल्यावर ते हसू टिकत नाही. एडिंबराचे फादर जॉन ग्रे हे त्यांचे मित्र आणि धार्मिक मार्गदर्शक होते, त्यामुळे धरमपेठेतील वाचकांना दिलेल्या उत्तरातील धागा येथवर येतो. १९१२ आणि १९१३ साली त्यांचे दोन धार्मिक कवितासंग्रह निघाले, पहिला प्रामुख्याने एडिथचा, दुसरा कॅथरीनचा. दोघींनाही कर्करोग झाला होता, आणि एडिथ जिवंत असेपर्यंत कॅथरीनने आपला आजार तिला कळू दिला नाही.

फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या रेने व्हिव्हियन या जन्माने इंग्रज कवयित्रीचेही नाव घ्यायला हवे. ती १९०९ साली पॅरिसमध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी वारली आणि अगदी अखेरच्या दिवसांत कॅथलिक झाली. मृत्युशय्येवरील धर्मांतराचा नमुना म्हणून प्रत्येक लेखात वाइल्ड यांचेच नाव घेतले जाते. त्यांची रोमची ओढ तेवीस वर्षांची जुनी होती हे पाहता त्या ठिकाणी व्हिव्हियनचे नाव अधिक शोभेल.